बार निवडण्यापूर्वीं

पिंपरी-चिंचवडमधील सुशिक्षित तरुण रात्रीच्या बैठकीसाठीं बार निवडतांना दिवे, गाणीं व दर पाहतात. परतीच्या वाटेचा विचार कोणीच करीत नाहीं. महामार्गापासून ५०० मीटरांच्या आंत मद्यविक्री नको, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०१६ मध्यें दिला. जुलै २०१७ मध्यें नगरपालिकांच्या हद्दींतील परवानाधारकांस त्यांतून मोकळीक मिळाली. पण प्यालेल्या चालकास पालिकेची हद्द दिसते काय? पुणें-नाशिक महामार्ग चाकणांत शिरला म्हणून त्यावरील मालमोटारी कांहीं मऊ होत नाहींत! कायद्यानें सोडलेलें अंतर आतां आपणच मोजलें पाहिजे. जेथून स्वतः वाहन न हांकतां घरीं परततां येतें, तोच बार त्यांतल्या त्यांत बरा. आणि ‘मला चढत नाहीं’ म्हणणाऱ्याची किल्ली सर्वांआधीं काढून घ्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.