केकचा मिक्सर बदलताना

मैत्रिणींनो, ‘मिक्सर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो चटणी-वाटणाचा. आज त्याच्याविषयी नाही बोलायचं. खाली भांडे, वर जडसे डोके आणि त्या डोक्यातून भांड्यात उतरणारे पाते, असा जो केकसाठी, क्रीमसाठी आणि पावाच्या कणकेसाठी ओट्यावर ठाण मांडून बसतो, त्या स्टँड मिक्सरविषयी लिहायचे आहे. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी पाव आणि केक होऊ लागले. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणींनी त्या वेळी हौसेने हे यंत्र घेतले. आता ती यंत्रे एकेक करून कुरकुरू लागली आहेत, आणि शाळेत मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता मला प्रश्न येतो, “बाई, जुना बंद पडलाय, आता कोणता घेऊ?”

माझा उलटा प्रश्न असतो, बंद पडला म्हणजे नेमके काय झाले? कारण या यंत्राची किंमत ८-१० हजारांपासून ५० हजारांच्या पुढेपर्यंत असते. एवढे पैसे घालण्याआधी दुखणे तरी समजून घ्यायला नको का?

मोटर चालू असल्याचा आवाज येतो, पण पाते फिरत नाही किंवा कणीक जड झाली की थांबते आणि आतून खरखर ऐकू येते. अशा वेळी बहुधा गिअरचे दाते झिजलेले असतात. काही चांगल्या यंत्रांत एक गिअर मुद्दाम बाकीच्यांपेक्षा मऊ धातूचा ठेवतात. ताण फार झाला तर तो एकटा तुटावा आणि मोटर वाचावी, हा हेतू. तेवढाच भाग बदलला की यंत्र पुन्हा चालते. मोटर मधूनच चालते, मधूनच बसते, आत ठिणग्या दिसतात, जळका वास येतो, तर कार्बन ब्रश संपले असण्याचा संभव मोठा. ते पेन्सिलीच्या तुकड्याएवढे असतात आणि झिजण्यासाठीच केलेले असतात. (सगळ्या मोटारींना ते नसतात, हेही लक्षात असू द्या.) डोक्यातून काळपट तेल भांड्यात ठिबकू लागले की बायका घाबरतात. ते आतले ग्रीस असते. जुने झाले, उन्हाळ्यात पातळ झाले, की त्यातले तेल सुटते. डोके उघडून, पुसून नवे ग्रीस भरून घ्यायचे. मात्र तेल ठिबकलेले मिश्रण फेकूनच द्या, तिथे काटकसर नको. आणि तळाला साखर-लोणी तसेच राहते ही तर बिघाडाचीसुद्धा तक्रार नव्हे. पुष्कळ यंत्रांना पाते वर-खाली करण्याचा एक स्क्रू असतो. रिकाम्या भांड्यात लहानसे नाणे टाकून अगदी संथ गतीवर यंत्र फिरवावे. पाते नाण्याला हलकेच सरकवील इतपत खाली असावे, भांड्याला घासू नये.

आमच्या सोसायटीतल्या एक वहिनी केकच्या ऑर्डरी घेतात. महिन्याला १५-१६ केक, शिवाय डिसेंबरात थोडे अधिक. त्यांचा मिक्सर नेमका नाताळच्या आठवड्यात बसला. जिथून घेतला त्या दुकानदाराने डोके हलवले आणि नव्यांची रांग दाखवली. वहिनींनी ते यंत्र पिशवीत घालून मोटारी बांधणाऱ्या एका कारागिराकडे नेले. ब्रशच गेले होते. एका केकच्या किमतीपेक्षाही कमी खर्चात ते दोन दिवसांत चालू झाले आणि नाताळ निभावला. पुढे वर्षभराने गिअर तुटला. तो भाग मात्र कुठेच मिळेना, कारण ते मॉडेल विकणेच बंद झाले होते. तेव्हा नवा घेणे आले.

आणि नवा घ्यायचा म्हटल्यावर घरात जे व्हायचे ते झाले. “कणीक मळायला एवढ्या हजारांचं यंत्र?” असे भाऊजी म्हणाले. त्यांचेही चुकले असे मी म्हणणार नाही. मुलीची फी त्याच महिन्यात भरायची होती. वहिनी काही बोलल्या नाहीत, ऑर्डरींची वही आणून पुढे ठेवली. सामान किती, गॅस-वीज किती, हातात राहिले किती, सगळे तारीखवार. आश्चर्य म्हणजे सासूबाईच म्हणाल्या, “माझ्या शिलाई मशीनच्या वेळीही हेच बोलणं झालं होतं या घरात. नंतर त्याच मशीनवर दोन लग्नांचे कपडे शिवले.” मिक्सर वहिनींच्या स्वतःच्या पैशातून घेतला गेला, बिलही त्यांच्याच नावावर केले. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण पुढे दुरुस्तीसाठी, वॉरंटीसाठी बिल ज्याच्या नावावर त्याचीच सही लागली तर खोळंबा होतो. कमावणारे यंत्र कमावणारीच्या नावावर असावे, असे माझे तरी मत आहे.

आता निवडीकडे वळू. दुकानात शिरल्यावर विक्रेता पहिला आकडा फेकतो तो वॅटचा. “हा १२०० वॅट, हा १५००!” वॅटचा आकडा यंत्र वीज किती ओढते ते सांगतो. कणकेतून हुक किती जोराने फिरेल ते त्यावरून कळत नाही. ते गिअर, मोटर आणि सांगाडा यांवर ठरते. ३०० वॅटच्या, धातूचे गिअर असलेल्या जड यंत्राने पावाचे पीठ निमूट मळलेले मी पाहिले आहे, आणि त्याच्या चौपट वॅटचे हलके यंत्र तेवढ्याच पिठाने ओट्यावरून चालत निघालेलेही पाहिले आहे. म्हणून वॅट विचारण्याआधी वजन विचारा, आणि गिअर धातूचे की प्लास्टिकचे ते विचारा. विक्रेत्याला सांगता आले नाही तर माहितीपत्रक मागा.

पण त्याहीआधी स्वतःला विचारायचे, माझ्या घरात होते काय? ज्या घरात अंडे चालत नाही आणि केक कंडेन्स्ड मिल्क नाहीतर दह्याचा होतो, तिथे केक फुगतो तो मुख्यतः सोडा आणि बेकिंग पावडरवर. मैदा घातल्यावर फार घोटले तर उलट केक चिवट होतो. अशा घरात तारांचे साधे फेटणे आणि क्रीमसाठी हातात धरायचा बीटर पुरेसा आहे. उभ्या मिक्सरची गरज नाही, हे स्पष्ट सांगते. अंड्याचा स्पंज नेहमी होत असेल तर गोष्ट वेगळी. अंडी आणि साखर फिकट, घट्ट होईतो दहा-दहा मिनिटे फेटायची, आणि हात तर दोनच. नानखटाईचे म्हणाल तर आमची आई परातीत तळहाताने तूप-साखर अशी फेसत असे की पांढरेशुभ्र लोणी व्हावे. ते काम यंत्राचे चपटे पाते छान करते, पण वर्षातून दिवाळीलाच नानखटाई करणारीने त्यापायी हजारो रुपये घालू नयेत.

सर्वांत जड काम पावाच्या कणकेचे. यंत्रे मरतात ती याच कामात. हुक लावला की गती नेहमी संथ ठेवायची, पहिली किंवा दुसरी. पटकन व्हावे म्हणून वर नेली की गिअर गेलाच समजा. गव्हाची कणीक, तीही पोळीसारखी घट्ट, मैद्याच्या सैल पिठापेक्षा यंत्राला जास्त जड जाते. यावर एक युक्ती सांगते. पीठ आणि पाणी नुसते एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवा. तेवढ्यात पीठ पाणी पिते, त्यातला चिकटपणा आपोआप तयार होऊ लागतो आणि मळायचा वेळ निम्म्यावर येतो. यीस्ट आणि मीठ नंतर घाला. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये पाणी थंड घ्या, कारण हुकच्या घर्षणानेही पीठ तापते आणि पाव वेळेआधी फुगून बसतो. रोजच पाव, तोही दोन-दोन किलोचा, असे असेल तर हा मिक्सर सोडून फक्त कणीक मळायचे यंत्र बघावे. त्यात भांडे स्वतः फिरते आणि वळणदार हुक एका जागी फिरतो. मात्र त्यात क्रीम होत नाही.

भांडे मोठे घ्यावे हा मोह सगळ्यांना होतो. लिटरचा आकडा काठोकाठचा असतो, कामाला येते त्याहून बरेच कमी. घरासाठी ४ ते ५ लिटर पुष्कळ झाले. त्यात अर्धा किलो मैद्याचा पाव सुखाने मळता येतो. सात-आठ लिटरच्या भांड्यात दोन अंड्यांचे पांढरे किंवा पेलाभर क्रीम घातले तर पाते त्याला शिवतसुद्धा नाही. वहिनींच्या ऑर्डरी बहुतेक अर्ध्या किलोच्या, म्हणून त्यांनी ५ लिटरवरच थांबायचे ठरवले. (क्रीम फुगत नाही म्हणून मिक्सरला नावे ठेवणाऱ्यांसाठी थोडे: आपले साधे फ्रेश क्रीम २५ टक्के स्निग्धांशाचे असते, ते फेटून उभे राहत नाही. ३०-३५ टक्क्यांचे हवे, आणि भांड्यासकट थंडगार.)

ओट्यावर वर कपाट असेल तर टेप घेऊन मोजा. डोके मागे उचलायचे यंत्र उघडल्यावर किती उंच होते ते बघायचे विसरू नका. चांगला मिक्सर १०-१२ किलोचा असतो. तो माळ्यावर ठेवला की तिथेच राहतो, हे मी चार घरांत पाहिले आहे. पाती स्टीलची मिळाली तर उत्तम. उघड्या ॲल्युमिनियमची पाती धुण्याच्या सोड्याने किंवा भांडी धुण्याच्या यंत्रात काळी पडतात आणि मग तो काळेपणा बोटाला, फडक्याला लागतो. साध्या साबणाने हाताने धुवून लगेच पुसावीत.

अमेरिकेतल्या बहिणीने “येताना घेऊन येते” म्हटले तर हरखून जाऊ नका. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. तिथले यंत्र इथल्या प्लगला सरळ लावले तर जळेल. मधे ट्रान्सफॉर्मर हवा, तोही यंत्राला लागणाऱ्या वॅटपेक्षा मोठा, म्हणजे ओट्यावर आणखी एक जड डबा आला. २३ किलोच्या बॅगेतले निम्मे वजन या एका वस्तूने खाल्ले आणि दुरुस्तीची हमी समुद्रापलीकडेच राहिली. खरे म्हणजे या यंत्राचे मूळच तिकडचे. पावाच्या कारखान्यांसाठी केलेले मोठे मिक्सर आधी आले, आणि १९१९ साली अमेरिकेत त्याचे घरगुती रूप निघाले. इंग्लंडात १९५० मध्ये केनवुडचा ‘शेफ’ आला. पाते स्वतःभोवती एका दिशेने आणि भांड्यात उलट दिशेने फिरवायचे, ही युक्ती अजून तीच आहे. त्यामुळे ‘यंदाचे नवे तंत्र’ म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर जरा थांबून विचारावे.

ऑर्डरी घेणाऱ्या भगिनींनी हमीपत्रातली बारीक अक्षरे वाचावीच. पुष्कळ कंपन्यांची हमी केवळ घरगुती वापरासाठी असते, आणि विक्रीसाठी केक केले तर ती लागू होत नाही. मोटारीची पाच वर्षे लिहिलेली असतात, पण गिअर आणि वरचा बोर्ड त्यात असतोच असे नाही. वहिनींनी कंपनीला ई-मेल करून तीन गोष्टी विचारल्या: विक्रीच्या कामाला हमी लागू आहे का, सुटे भाग किती वर्षे मिळतील, आणि आमच्या शहरात दुरुस्ती कोण करते. दोन कंपन्यांचे उत्तरच आले नाही. तिसरीने हमी फक्त घरगुती वापराला असल्याचे स्वच्छ कळवले, पण भागांची यादी आणि दुरुस्तीचा पत्ताही दिला. त्यांनी तिसरीचाच घेतला, २० हजारांच्या आतबाहेर.

वस्तू घरी आली की पहिल्याच आठवड्यात तिला तिचे जड काम द्या. अर्धा किलो पीठ आठ मिनिटे संथ गतीवर मळून पाहा, डोके हलते का, वास येतो का, हात ठेववत नाही इतके तापते का. बदलून मिळण्याची मुदत असते तोवरच हे कळलेले बरे. आणि जुना मिक्सर भंगारवाल्याला देण्याआधी त्याचे स्टीलचे भांडे काढून ठेवा. नव्याला ते बसणार नाही, पण श्रीखंडाचा चक्का घोटायला असे खोलगट भांडे दुसरे मिळत नाही.