झडप चालते, मग अंधारी का येते?

ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी ओपीडीत आलेल्या बाईचा इको उत्तम असतो. नवी झडप नीट उघडते, नीट मिटते. तरी ती सांगते की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि एक जिना चढला की छातीत धडधडते. 'रिपोर्ट नॉर्मल आहे, मनाला लावून घेऊ नका,' असे सांगून तिला परत पाठवले जाते. हेतू चांगला असतो, पण इकोमध्ये झडप दिसते. उभे राहिल्यावर रक्तदाब सावरणारी यंत्रणा त्यात दिसत नाही.

आपल्याकडे झडप बदलावी लागणाऱ्या अनेकांना लहानपणी रूमॅटिक ताप येऊन गेलेला असतो. त्यात मायट्रल झडप हळूहळू अरुंद होते. पुढे रक्त कमी जाते, मागे फुफ्फुसात दाब साठतो. शरीर यावर वर्षानुवर्षे तोडगा काढत राहते: रक्तवाहिन्या आवळून धरते, नाडी वाढवते, फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात. सर्जन काही तासांत झडप बदलतो. शरीराच्या या सवयी तितक्या लवकर जात नाहीत. फुफ्फुसातला दाब काहीसा लगेच उतरतो, उरलेला उतरायला महिने लागतात. काहींमध्ये तो पूर्ण उतरतच नाही.

रक्तवाहिनीचे आतले अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि त्यामुळे वाहिनी सैलावते. (या शोधाला १९९८ चे नोबेल मिळाले.) दीर्घकाळ कमी रक्तप्रवाहावर जगलेल्या शरीरात हे काम मंदावते. म्हणून चालताना पायाच्या स्नायूंना हवे तेवढे रक्त मिळत नाही आणि हृदय सुधारले तरी पाय लवकर थकतात. हे अस्तर पुन्हा कामाला लागते, पण त्यासाठी नियमित चालणे लागते. घरी मात्र तिला एक तर महिनोन्महिने खाटेवर बसवतात, नाही तर पंधरवड्यात चुलीपुढे उभे करतात.

स्वायत्त चेतासंस्थेचेही तसेच. आपण उभे राहिलो की सुमारे अर्धा लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरते. नसा क्षणात वाहिन्या आवळून तोल राखतात. हार्ट-लंग मशीनवर झालेल्या शस्त्रक्रियेनंतर हृदयावरचे हे नियंत्रण काही आठवडे, कधी काही महिने ढिले राहते. विश्रांतीतली नाडी जलद असते, श्वासागणिक होणारा तिचा चढउतार कमी होतो. हा चढउतार मोजायची यंत्रे आहेत, पण नाडी मुळातच अनियमित असलेल्या मायट्रलच्या पेशंटमध्ये त्यांचा फारसा उपयोग नाही.

त्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रातही असलेले रक्तदाबाचे यंत्र बरे. पेशंटला पाच मिनिटे आडवे ठेवून दाब घ्यावा, मग उभे करून एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर अंधारीचे कारण हाती लागते. पुष्कळदा दोष लघवी होण्याच्या गोळीच्या जास्त डोसाचा किंवा रक्तक्षयाचा निघतो, आणि तो दुरुस्त करता येतो. गर्दीच्या ओपीडीत दहा मिनिटे कुठून आणायची, हा प्रश्न खरा आहे. पण हे मोजायला डॉक्टरच लागत नाही; नर्सही करू शकते.

उलटी चूकही करू नये. ताप, अचानक वाढलेला दम, बोबडी वळणे, हातापायातली शक्ती जाणे किंवा धातूच्या झडपेचा नेहमीचा टिकटिक आवाज दबल्यासारखा वाटणे, यांचे खापर नसांवर फोडून थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

डिस्चार्ज कार्डावर आयएनआरची तारीख लिहिली जाते. तिच्याखाली आणखी दोन ओळींची सक्ती हवी: उभ्याने रक्तदाब कधी तपासायचा आणि या आठवड्यात रोज किती मिनिटे चालायचे, पुढच्या आठवड्यात किती. तोवर पेशंटने उठताना आधी काठावर बसावे, पाय हलवावेत, मग उभे राहावे. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.