लिनक्सच्या यादीतून रशियन डेव्हलपर्सची नावं काढली, मग त्यांच्या कामाचं श्रेय कुठे गेलं?

ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्स कर्नलच्या एका फाइलमधून सुमारे डझनभर नावं गायब झाली. बहुतेक नावं रशियन होती आणि अनेकांचे ईमेल पत्ते 'डॉट आरयू'वर संपणारे होते. हा बदल केला होता ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी. लिनस टोरवाल्ड्स यांच्यानंतर या प्रकल्पात सर्वाधिक वजन असलेल्या लोकांपैकी ते एक आहेत.

कारण दोन वाक्यांत दिलं होतं. नियमपालनाच्या काही गरजांमुळे नावं काढतोय आणि पुरेशी कागदपत्रं दिली तर ती परत येऊ शकतात, एवढंच. कोणते नियम, कसली कागदपत्रं, हे सांगितलं नव्हतं.

त्यावरून मोठा वाद झाला. टोरवाल्ड्स यांनी निर्णय मागे घेणार नसल्याचं ठणकावून सांगितलं आणि 'मी फिनलंडचा आहे, रशियाच्या आक्रमणाला मी पाठिंबा देईन असं वाटलं का?' अशा आशयाचं उत्तर दिलं. खरं कारण नंतर जेम्स बॉटमली या ज्येष्ठ डेव्हलपरने समजावलं. ज्यांची कंपनी अमेरिकेच्या अर्थखात्याच्या निर्बंध यादीत आहे, त्यांना या फाइलमध्ये ठेवता येणार नाही, असा तो कायदेशीर सल्ला होता. ज्या पद्धतीने हे सगळं हाताळलं गेलं, त्याबद्दल त्यांनी माफीही मागितली.

या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. या लोकांनी लिहिलेला कोड कुणी काढला नाही. तो आजही कर्नलमध्ये आहे आणि कोणती ओळ कुणी लिहिली, याची नोंदही तशीच आहे. मग गेलं ते नेमकं काय?

दोन याद्या, दोन अर्थ

लिनक्स कर्नल म्हणजे तुमच्या अँड्रॉइड फोनच्या आणि जगातल्या बहुतेक सर्व्हर्सच्या तळाशी असलेलं सॉफ्टवेअर. ते ओपन सोर्स आहे. म्हणजे त्याचा कोड कुणीही वाचू शकतं, बदलू शकतं आणि आपला बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवू शकतं. साधारण दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीला सुमारे २,००० जणांचा हात लागलेला असतो.

एवढ्या लोकांचा हिशोब ठेवायला कर्नलमध्ये दोन वेगळ्या फाइल्स आहेत. एकीचं नाव 'क्रेडिट्स', दुसरीचं 'मेंटेनर्स'.

गणेशोत्सव मंडळाचा अहवाल डोळ्यासमोर आणा. मागच्या पानांवर वर्गणीदारांची यादी असते आणि पुढच्या पानावर कार्यकारिणी. वर्गणीदारांच्या यादीतलं नाव म्हणजे 'यांनी दिलं'. कार्यकारिणीतलं नाव म्हणजे 'चाव्या यांच्याकडे आहेत, काही बिघडलं तर यांना फोन करा'. 'मेंटेनर्स' ही कार्यकारिणी आहे, आणि तीही वीस हजारांहून जास्त ओळींची. कोणत्या भागाची जबाबदारी कुणाकडे, बदल कुणाला पाठवायचे, त्या भागाकडे कुणी लक्ष देतंय की तो 'अनाथ' आहे, हे सगळं त्यात असतं. हो, इंग्रजीतही तिथे 'ऑर्फन' हाच शब्द वापरला जातो.

म्हणजे २०२४ मध्ये त्या लोकांच्या चाव्या गेल्या. पण वर्षानुवर्षं फुकट किंवा तुटपुंज्या मोबदल्यात काम करणाऱ्याला हा फरक थंडपणे पटेल, अशी अपेक्षा करणं अवघड आहे. बहुतेकांसाठी 'मेंटेनर' ही या क्षेत्रातली सगळ्यात मोठी पदवी असते. ती न कळवता काढून घेणं म्हणजे श्रेय काढून घेण्यासारखंच वाटतं. त्यामुळे कायदेशीर बाजू बरोबर असली, तरी आधी एक पत्र पाठवायला हवं होतं.

नाव लिहिण्यामागे एक खटला आहे

२००३ मध्ये एससीओ नावाच्या कंपनीने आयबीएमवर खटला भरला. आमच्या मालकीचा युनिक्सचा कोड लिनक्समध्ये घुसवला, असा दावा होता. तेव्हा लिनक्सकडे कोणता तुकडा कुठून आला, हे दाखवणारी पक्की व्यवस्था नव्हती. २००४ मध्ये टोरवाल्ड्स यांनी नियम आणला. प्रत्येक बदलाखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' असं लिहून आपलं नाव द्यायचं. 'हे काम देण्याचा मला हक्क आहे' अशी ती सही. बदल ज्या-ज्या हातांतून पुढे जातो, ते सगळे खाली आपापली सही जोडत जातात.

म्हणजे सुरुवात कौतुकासाठी झाली नव्हती, कोर्टात टिकावं म्हणून झाली होती.

पुढे त्यात इतर कामंही आली. कुणी चूक शोधली तर 'रिपोर्टेड-बाय', कुणी तपासलं तर 'रिव्ह्यूड-बाय', कुणी चालवून पाहिलं तर 'टेस्टेड-बाय'. कोडची एक ओळही न लिहिणाऱ्याचं नाव इतिहासात जाण्याची ही सोय आहे. कर्ल या प्रकल्पाची 'थँक्स' फाइल याचं चांगलं उदाहरण. इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणारं हे छोटं साधन असंख्य उपकरणांत असतं. त्याच्या आभाराच्या यादीत ३,००० हून जास्त नावं आहेत आणि त्यात चूक कळवणारेही आहेत.

भाषांतरकारांची गोष्ट याहून साधी. 'ग्नोम' या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या भाषांतर फाइल्समध्ये 'ट्रान्सलेटर-क्रेडिट्स' असं एक वाक्य भाषांतरासाठी दिलेलं असतं. त्याचं भाषांतर करायचं नसतं, तिथे आपलं नाव लिहायचं असतं. मराठीत भाषांतर करणाऱ्याने तिथे नाव टाकलं, तर 'अबाउट' खिडकीत ते दिसतं. नाही टाकलं, तर वापरणाऱ्याला कधीच कळत नाही की हे मराठी कुणी केलं.

नावासाठीच काम झालं तर?

याची दुसरी बाजू भारताने जगाला दाखवली, आणि ती फारशी अभिमानाची नाही.

'हॅक्टोबरफेस्ट' हा डिजिटलओशन कंपनीचा ऑक्टोबरमधला उपक्रम. २०२० मध्ये नियम असा होता की ओपन सोर्स प्रकल्पांना चार बदल पाठवा आणि टी-शर्ट मिळवा. भारतातल्या एका लोकप्रिय यूट्यूब चॅनेलने हे कसं करायचं ते दाखवलं आणि जगभरच्या मेंटेनर्सकडे निरर्थक बदलांचा पूर आला. माहितीपत्रकात एखादं विशेषण घालायचं आणि पाठवून द्यायचं. काही दिवसांतच आयोजकांना नियम बदलावा लागला. ज्या प्रकल्पांना सहभागी व्हायचंय तेच मोजले जातील, असं ठरलं.

२०२४ च्या सुरुवातीला 'एक्स्प्रेस' या प्रकल्पाबाबत हेच झालं. भारतीय विद्यार्थ्यांसाठीच्या एका व्हिडिओत बदल पाठवण्याची पद्धत शिकवताना तो प्रकल्प उदाहरण म्हणून घेतला होता, आणि त्याच्या पहिल्या पानावर स्वतःचं नाव घालणारे ढिगाने बदल येऊ लागले. त्या मुलांची फक्त टिंगल करून चालणार नाही. कॅम्पस मुलाखतीत 'ओपन सोर्स योगदान' विचारलं जातं, ते काय असतं हे मात्र कुणी शिकवत नाही. पण त्याचा भुर्दंड दूर कुठेतरी बसलेल्या, बहुधा बिनपगारी माणसाला भरावा लागतो. प्रत्येक बदल उघडून, वाचून, नाकारायला वेळ लागतो.

विश्वासाचीही चोरी होते

टी-शर्टचा प्रकार फार तर वैताग देणारा होता. मार्च २०२४ मध्ये उघड झालेलं 'एक्सझेड' प्रकरण मात्र भयंकर होतं.

एक्सझेड हे फाइल्स आकसवणारं साधन बहुतेक लिनक्स यंत्रणांमध्ये असतं. ते एकटे लासे कॉलिन मोकळ्या वेळात सांभाळत होते. २०२१ पासून 'जिया टॅन' नावाने कुणीतरी बदल पाठवू लागलं. काम नीट होतं. २०२२ मध्ये आणखी काही अनोळखी नावांनी 'काम फार हळू चाललंय, दुसरा मेंटेनर नेमा' असा तगादा सुरू केला. कॉलिन यांनी तेव्हा आपली मानसिक प्रकृती ठीक नसल्याचं आणि हा बिनपगारी छंद असल्याचं लिहिलं होतं. हळूहळू जिया टॅनकडे चाव्या गेल्या. फेब्रुवारी २०२४ च्या आवृत्तीत चोरदरवाजा आला.

मायक्रोसॉफ्टमधले अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून तो सापडला. जिया टॅन कोण, हे आजवर सिद्ध झालेलं नाही.

इथे श्रेयाच्या व्यवस्थेत काहीच मोडलं नव्हतं. कोडमधल्या बदलांवर नाव होतं, नोंद होती. वर्गणीदारांच्या यादीत सातत्याने नाव दिसलं, म्हणून चाव्या दिल्या गेल्या. त्या देताना दुसरं कुणी विचारायला नव्हतं, कारण प्रकल्पात दुसरं कुणी नव्हतंच.

आता एआयची सही

सध्याचा प्रश्न आहे एआयने लिहिलेल्या कोडचा. कर्ल प्रकल्पाने चुका शोधणाऱ्यांना बक्षीस देण्याची योजना जानेवारी २०२६ अखेर बंद केली. एआयकडून लिहून घेतलेल्या पोकळ तक्रारी तपासण्यात जाणारा वेळ हे त्यामागचं मोठं कारण होतं.

लिनक्स कर्नलने वेगळी वाट धरली. कोड लिहिताना एआयची मदत घेतली असेल, तर 'असिस्टेड-बाय' लिहून त्या साधनाचं नाव द्यायचं. मात्र 'साइन्ड-ऑफ-बाय' एआयला लिहिता येणार नाही. ती सही माणसानेच करायची आणि त्या कोडचं पुढे काही बिघडलं, तर उत्तरही त्यानेच द्यायचं.