पथ्य किती दिवसांचे?

वाचकहो, पोटाचा विषय चारचौघांत काढायला माणूस लाजतो. ताप आला तर सांगतो, गुडघा दुखला तर सांगतो. पण सकाळपासून चार वेळा संडासला जाऊन आलो, हे कोणी सांगत नाही. आम्हीही सात-आठ वर्षे सांगितले नाही. आज सांगत आहोत, कारण आधी गप्प बसून आणि नंतर स्वतःच्या मनाने पथ्य करून आम्ही जे भोगले, ते तुमच्या घरात कोणाच्या वाट्याला येऊ नये.

दुखणे बाहेरून पाहणाऱ्याला साधेच वाटेल. जेवण झाले की तासाभरात पोट तट्ट फुगायचे. कधी चार-चार दिवस पोट साफ नाही, तर कधी एकाच सकाळी तीन-चार वेळा धाव. मुरडा यायचा, जाऊन आले की थांबायचा. आम्ही राहतो कल्याणच्या पुढे आणि कचेरी मुंबईत. लोकलच्या डब्यात संडास नसतो, ही गोष्ट पोट ठीक असलेल्या माणसाच्या ध्यानातही येत नाही. आम्हाला मात्र कोणत्या स्टेशनवर कोणत्या टोकाला शौचालय आहे, हे पाठ झाले होते. अर्ध्या वाटेत उतरावे लागे, कचेरीत लेट मार्क पडे, आणि साहेबांना कारण सांगायची चोरी. संध्याकाळी वस्तीत बैठक असली तर आम्ही दुपारचा डबाच उघडत नसू.

इसबगोल झाले, चूर्ण झाले, ओवा झाला. मेडिकलवाल्याला विचारून जुलाब थांबवण्याच्या गोळ्याही घेतल्या. दोन दिवस बरे वाटायचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

२०२३ च्या पावसाळ्यात कचेरीतल्या एका सहकाऱ्याने आम्हाला न खाण्याच्या पदार्थांची यादी दिली. त्याच्या नात्यातल्या कोणाला तिचा गुण आला होता म्हणे. यादीत गहू, दूध, डाळी, कडधान्ये, कांदा, लसूण, मिरची, वांगे, बटाटा, शेंगदाणे, अंडी, मटण आणि मासे असे तेरा पदार्थ होते. किती दिवस बंद ठेवायचे, हे मात्र कुठेच लिहिलेले नव्हते. आम्हीही विचारले नाही. भात, दुधी, दोडका आणि ताक यांवर आम्ही चार महिने काढले.

पहिल्या पंधरवड्यात पोट खरोखर हलके झाले. आम्ही खूश. मग सुरू झाले दुसरेच. जिना चढताना धाप लागे, हातपाय गळून जात. वजन ६४ किलोवरून ५७ वर आले. पोटाचे म्हणाल तर चौथ्या महिन्यात पुन्हा अधूनमधून फुगू लागले. तेव्हा आम्ही काय केले? यादीत आणखी काय घालता येईल, ते शोधू लागलो.

घरात काय चालले होते, याकडे आमचे लक्षच नव्हते. पत्नी पहाटे साडेचारला उठून दोन स्वयंपाक करीत होती. एक आमचा, एक मुलांचा. दोन्हींतले जे उरेल, ते ती खात होती. नववीतल्या मुलीने आमचे पाहून, ‘बाबा, माझंही पोट फुगतं,’ म्हणत चपाती आणि वरण सोडले होते. एका रात्री पत्नी म्हणाली, ‘‘अहो, पोट तुमचं दुखतंय, पण उपाशी सगळं घर राहतंय.’’ आम्ही त्यावर चिडलो, हे इथे कबूल केले पाहिजे.

त्याच सुमारास एका आजींच्या रेशन कार्डाच्या कामासाठी त्यांच्या झोपडीत गेलो होतो. कागद भरून झाले. आजींनी ज्वारीची भाकरी आणि सुकटीचे कालवण पुढे ठेवले. आम्ही हात जोडून नको म्हणालो. त्यांनी पाणी दिले, तेही पोटाच्या धास्तीने बाजूला ठेवले. आजी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘का रं भाऊ, आमच्या घरचं चालत न्हाय का तुला?’’

वाचकहो, कोणाच्या घरचे पाणी नाकारणे याचा आपल्या समाजात काय अर्थ होतो, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. १९२७ साली महाडला आपले आजे-पणजे कशासाठी गेले होते, यावर आम्ही भाषणे केली आहेत. आणि त्याच आमच्यासमोर पाण्याचा पेला तसाच राहिला होता. आम्ही पोटाचे कारण सांगितले. पण ते आजींना पटल्यासारखे दिसले नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सरकारी इस्पितळात केसपेपर काढला. दोन तास रांगेत गेले. आत डॉक्टर बाई होत्या, वयाने आमच्यापेक्षा लहान. त्यांनी आधी विचारले ते असे: शौचातून रक्त जाते का? काळे होते का? संध्याकाळी ताप येतो का? रात्री झोपेतून उठून जावे लागते का? घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला होता का? आणि वजन किती उतरले?

सात किलो म्हणताच त्यांनी पेन खाली ठेवले. क्षय फक्त छातीचा नसतो, आतड्याचाही असतो आणि त्यात वजन उतरते, असे त्या म्हणाल्या. आमचे वजन आजाराने उतरले की उपासाने, हे त्यांना सांगता येईना आणि आम्हालाही सांगता येईना. म्हणून रक्त, शौच, सोनोग्राफी अशा सगळ्या तपासण्या झाल्या. त्यात आणखी एक घोटाळा निघाला. गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने काहींच्या आतड्याला इजा होते. त्या आजाराला सिलिॲक म्हणतात. रक्ताच्या तपासणीतून तो कळतो, पण माणूस गहू खात असेल तरच. गहू आधीच सोडलेला असेल तर आजार असूनही तपासणीत न दिसण्याची शक्यता असते. तेव्हा सहा आठवडे रोज चपाती खाऊन मग रक्त द्यावे लागले.

तपासण्यांत रक्त कमी निघाले. ते आमच्या उपासाने. बाकी क्षय नाही, सिलिॲक नाही. बाईंनी सांगितले की हा आय. बी. एस. आहे. आतडे सडलेले नसते, सुजलेले नसते. पण ते जास्त हळवे असते. जेवढ्या गॅसचा दुसऱ्याला पत्ताही लागत नाही, तेवढ्याने आपल्याला कळ येते. जिवाला धोका नाही, पण त्रास खरा आहे. ‘मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून तो उडवून लावू नये.

मग त्यांनी आम्हाला आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवले. आमच्या यादीचा उगम तिथे कळला. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातील संशोधकांनी एक आहारपद्धत तयार केली आहे. तिला फॉडमॅप आहार म्हणतात. २००५ पासून हे नाव रूढ झाले. काही प्रकारच्या साखरा आणि पिष्टासारखे पदार्थ लहान आतड्यात नीट शोषले जात नाहीत. ते तसेच मोठ्या आतड्यात जातात, पाणी ओढून घेतात आणि तिथले जंतू त्यांना आंबवतात. त्यातून गॅस होतो. कांदा, लसूण, गहू, दूध, हरभरा, राजमा, वाटाणा, फ्लॉवर, सफरचंद, आंबा यांत हे घटक जास्त असतात. तांदूळ, ज्वारी, नाचणी, भेंडी, काकडी, संत्रे, शेंगदाणे यांत कमी.

आता गंमत पाहा. अंडी, मासे, मटण यांत या साखरा जवळजवळ नसतातच. फार तेलकट, तिखट कालवणाने काहींना त्रास होतो, तो वेगळा. पण मांसाहार सोडला की पोट आपोआप सुधारते, हा समज खरा नव्हे. म्हणजे आजींच्या घरी आम्ही जी ज्वारीची भाकरी आणि सुकट नाकारली, तिचा काही दोषच नव्हता!

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हे पथ्य कायमचे नाही. कडक भाग दोन ते सहा आठवड्यांचा. तेवढ्यात गुण आला नाही, तर ते सोडून पुन्हा डॉक्टरांकडे जायचे. सगळ्यांना त्याचा गुण येतोच असे नाही. गुण आला तर बंद केलेले पदार्थ एकेक करून परत आणायचे. जे सोसते ते ठेवायचे, जे सोसत नाही तेवढेच कमी करायचे. वर्षानुवर्षे बंदी ठेवली तर आतड्यातले उपयोगी जंतू घटतात, आणि प्रथिने, लोह, कॅल्शियम यांची तूट पडते. आमच्या त्या यादीत पहिलाच भाग होता, आणि तोही वाढवून. पुढचे पान कोणी दिलेच नव्हते.

आम्ही वाणिज्य शाखेचे. ट्रायल बॅलन्स जुळला नाही म्हणून कोणी खातेवही फाडून टाकत नाही. एकेक नोंद तपासतो. तसेच केले. चार आठवडे ठरल्याप्रमाणे पथ्य. मग एका जुन्या वहीत रकाने पाडले: तारीख, पदार्थ, किती खाल्ला, पोट कसे राहिले. एका वेळी एकच पदार्थ, तीन दिवस, पहिल्या दिवशी थोडा आणि मग वाढवत. त्रास झाला तर थांबायचे, पोट शांत झाल्यावर पुढचा पदार्थ.

अडीच महिन्यांनी हिशेब लागला. तेरा पदार्थांतले आरोपी निघाले तीन. कच्चा कांदा, वाटाणा-हरभऱ्याची उसळ, आणि दूध. दूधही एका कपापुरते सोसते. पण कचेरी आणि बैठका मिळून आम्ही दिवसाला सहा कप चहा पीत होतो! दोन चपात्या चालतात, वाटीभर तुरीचे वरण चालते. कडधान्य रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून शिजवले तर थोडेसे खाता येते. लसणाची एक युक्ती बाईंनी सांगितली. त्रास देणारा घटक पाण्यात उतरतो, तेलात उतरत नाही. म्हणून लसूण तेलात परतायचा आणि पाकळ्या काढून घ्यायच्या. वास राहतो, त्रास जातो. कांद्याऐवजी पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात. आता घरात एकच स्वयंपाक होतो. कांदा मुलांच्या ताटात वेगळा कापून पडतो, आणि तो आम्ही स्वतः कापतो.

पोट पूर्ण बरे झाले, असे म्हणणार नाही. महिन्यातून दोन-तीन दिवस वाईट जातात. पण वजन ६२ वर आले आहे, आणि मुलगी पुन्हा चपाती-वरण खाते.

शेवटी चार गोष्टी. शौचातून रक्त, काळे शौच, ताप, वजन उतरणे, रात्री झोपमोड करणारा त्रास, रक्त कमी होणे यांपैकी काहीही असेल, किंवा पन्नाशीच्या आसपास शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर पथ्यापाण्यात वेळ न घालवता इस्पितळ गाठा. गहू सोडण्याआधी रक्त तपासा. मुले, गरोदर बाई, मधुमेही आणि आधीच अशक्त असलेला माणूस यांनी असले पथ्य डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आणि कोणी पथ्य सांगितले तर पहिला प्रश्न विचारा: किती दिवस, आणि नंतर काय?

आजींचे रेशन कार्ड झाले, तेव्हा ते द्यायला आम्हीच गेलो. आल्याबरोबर पाणी मागून घेतले. मग म्हणालो, ‘‘आजी, भाकरी आहे का? कांदा तेवढा देऊ नका, पोटाला सोसत नाही.’’ आजींनी आमच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘मग त्या दिशी असं सरळ सांगायचं न्हाय व्हय?’’