हुरडा आपला, आगटी आपली, मग गिऱ्हाईक दुसऱ्याचे का?

शेतकऱ्याला विक्रीचा एकच रस्ता शिकवला गेला. माल गाडीत भरायचा, बाजार समितीत नेऊन ओतायचा आणि दुसरा कोणी भाव ठरवील त्याला मान हलवायची. आपल्या मालाचे कौतुक आपण करावे, गिऱ्हाइकाने आपल्या बांधावर यावे आणि भाव आपण सांगावा, ही गोष्टच आमच्या पिढीला ठाऊक नव्हती. आता ती संधी खिशातल्या मोबाईलमध्ये आली आहे. तिचे काय करायचे, हा या पानाचा विषय आहे.

शहरातला माणूस सुटीत कुठे जायचे हे आता पर्यटनाची पुस्तिका चाळून ठरवत नाही. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मोबाईलवर व्हिडिओ पाहतो आणि ठरवतो. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ रोजी चढला. बारामती तालुक्यात पळशीवाडीला कृषी पर्यटनाचा प्रयोग सुरू झाला तोही त्याच सुमारास. दोघांची गाठ पडायला पुढे दहा-अकरा वर्षे गेली. २०१६ च्या सप्टेंबरनंतर मोबाईलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि गावोगावची पोरे चित्रे काढू लागली. २०२० साली महाराष्ट्र शासनाने कृषी पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. धोरणाने गिऱ्हाईक येत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. गिऱ्हाईक आणले ते व्हिडिओने.

हुरड्याचेच घ्या. ज्वारी पिकवून, काढून, मळून पोत्यात भरली की तिचा भाव आपल्या हातात राहत नाही. तीच गूळभेंडी किंवा सुरती कोवळी असताना कणसे आगटीत भाजली, हातावर चोळून दाणे काढले, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दही ठेवले, की दर आपण सांगतो आणि शहरातला माणूस मोटार काढून तो द्यायला येतो. ना हमाली, ना तोलाई, ना आडत. व्यापार म्हणतात तो हाच.

पण दलाल काही मेलेला नाही, त्याने फक्त कपडे बदलले आहेत. खोल्या आणि हॉटेले नोंदवून देणाऱ्या कंपन्यांचे उदाहरण बघा. १९ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबो आणि ओयो यांना मिळून सुमारे ३९२ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मेकमायट्रिपवर ठेवलेल्या आक्षेपांतला एक आम्हाला फार ओळखीचा वाटला. हॉटेलवाल्याने आपली खोली दुसरीकडे, अगदी स्वतःच्या संकेतस्थळावरसुद्धा, कमी भावाने विकायची नाही, अशी अट करारात होती. खोली त्याची, वीजबिल त्याचे, चादरी धुणार तो, आणि भाव उतरवायची मुभा मात्र त्याला नाही! कंपन्या त्यावर अपिलात गेल्या, तो कोर्टाचा भाग झाला. अट कोणत्या जातीची आहे हे ओळखायला शेतकऱ्याला वकील लागत नाही. आयुष्यभर तो अशाच अटींखाली माल विकत आला आहे.

अशा कंपन्यांकडे जाऊच नका, असे आम्ही म्हणत नाही. सुरुवातीला ओळख नसते तेव्हा त्यांचा उपयोग होतो. पण करार मराठीत समजून घेतल्याशिवाय सही करू नका, आणि एकदा आलेला पाहुणा दुसऱ्यांदा थेट तुमच्याच फोनवर आला पाहिजे. स्वतःचा व्हिडिओ हवा तो यासाठी. त्यात आपला दर, आपला नंबर आणि गावाचा रस्ता आपल्याच तोंडाने सांगितलेला असतो.

दुसरी जात चॅनेलवाल्यांची. चार जण येतात, दोन दिवस फुकट राहतात, कोंबडी खातात, आणि वर चित्रीकरणाचे पैसे मागतात. कुणाला ते परवडतही असेल, त्याने जरूर द्यावेत. मात्र तो जाहिरातीचा खर्च म्हणून वहीत लिहावा, पाहुणचार म्हणून नव्हे. आणि पैसे किंवा फुकट मुक्काम घेऊन केलेले कौतुक तसे उघड सांगावे लागते. केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाने जानेवारी २०२३ मध्ये तशी मार्गदर्शक सूचनाच काढली आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हे त्या पोरांना आपणच ऐकवले पाहिजे.

आता जे कोणत्याच व्हिडिओत दिसत नाही त्याविषयी. चूल दिसते, धूर दिसतो, थापली जाणारी भाकरी दिसते. भाकरी थापणारीचे हातही दिसतात, पण तिचा हिशेब दिसत नाही. वीस माणसांचे जेवण म्हणजे पहाटेपासूनचे काम. पाणी भरणे, सरपण, दळण, निवडणे-टिपणे आणि रात्री भांड्यांचा ढीग. बाहेरची बाई लावली असती तर मजुरी मोजून द्यावी लागली असती. घरची आहे म्हणून शून्य धरायचे? उत्पादन खर्च काढताना सरकार घरच्यांच्या कष्टाला पुरेशी किंमत देत नाही म्हणून आपण भांडतो, आणि आपल्याच वहीत तर ती शून्य धरतो. ताटाचा दर ठरवताना तिची मजुरी आधी धरा, मग नफा म्हणा. पैसे जमा होणारे खाते तिच्या नावावर असले तर आणखी बरे.

आणि चित्र खरे असू द्या. श्रावणातला धबधबा दाखवून वैशाखात पाहुणे बोलावले तर ते एकदाच येतात, आणि जाताना चार ठिकाणी बोलतात. विहिरीला तळ लागला असेल तेव्हा पोहायची विहीर दाखवू नये. संडास, न्हाणी आणि शेवटचा कच्चा रस्ता आधी दाखवा. लाज कसली? शहरातल्या बाईमाणसांना तेच आधी बघायचे असते.

गर्दीचाही विचार हवा. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घालावी लागली. जुलै २०२४ मध्ये माणगावजवळच्या कुंभे धबधब्यावर चित्रीकरणासाठी गेलेली एक तरुणी दरीत कोसळून मरण पावली. धोक्याच्या जागेचे चित्र आपल्या नावाने फिरवू नये, आणि आपल्या पाण्याला व संडासांना झेपतील त्याहून जास्त माणसे घेऊ नयेत. शनिवारी शंभर गाड्या आल्या तर त्या शेजाऱ्याच्या उभ्या हरभऱ्यातच लागतात, आणि मग बांधावरचे भांडण तालुक्याला जाते.

जिल्हा बैठकीला येताना ज्यांच्याकडे पाहुणे येतात त्यांनी वही आणावी. गेल्या हंगामात किती माणसे आली, त्यांतली थेट किती, कंपनीमार्फत किती, कंपनीने रुपयामागे किती पैसे कापले, आणि घरातल्या बायांचे किती दिवस त्यात गेले, एवढे लिहिलेले असावे. ज्यांनी स्वतः व्हिडिओ काढले आहेत त्यांनी मोबाईलही आणावा. जेवणानंतर सगळे मिळून पाहू. हुरड्याचा दर तालुकावार एकत्र बसून ठरवता येतो का, हा विषय दुपारच्या सत्रात घेतला आहे.