माळ बघून लेन्स घ्या

दिवाळी उरकली आणि थंडीची चाहूल लागली की आपल्याकडच्या पोरांचे फोन सुरू होतात. विचारणा एकच. "सर, मिररलेस घेतलाय, सोबत किट लेन्स आहे. पक्षी-प्राणी काढायचेत. बजेट कमी आहे, टेली लेन्स कुठली घेऊ?" विचारणाऱ्यांत कळंबला लग्नाच्या ऑर्डरी घेणारा फोटोग्राफर असतो, तुळजापूरचा शिक्षक असतो, नुकतीच सोयाबीनची पट्टी हाती आलेला परंड्याकडचा शेतकरीही असतो. हा पैसा कष्टाचा आहे, तेव्हा उत्तर मोघम देऊन चालत नाही.

माझं उत्तर दुकानातून नाही, माळावरून सुरू होतं. आपण फोटो काढणार कुठे? धाराशिव जिल्ह्यात जागा ढोबळमानाने दोन प्रकारच्या. एक येडशी-रामलिंगचं अभयारण्य: बालाघाटाच्या कुशीतली पानगळीची झाडी, घळीतलं महादेवाचं देऊळ, मोर आणि वानरं. इथे प्राणी फार लांब नसतो, पण झाडाखाली उजेड कमी. दुसरा प्रकार म्हणजे आपला उघडा माळ आणि त्याला लागून असलेली काळी रानं. इथे उजेड भरपूर, पण काळवीट शंभर मीटरच्या आत सहसा येऊ देत नाही. झाडीत उजेड गोळा करणारी लेन्स लागते, माळावर लांबचं जवळ आणणारी. कमी पैशांत दोन्ही एकाच लेन्समध्ये मिळत नाहीत. आपलं येणं-जाणं जास्त कुठे, हे आधी ठरवा.

आता थोडा हिशेब करू. शंभर मीटरवर उभा असलेला काळवीट नर शिंगांसकट सव्वा मीटर उंच धरा. एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 250 मिमीची लेन्स लावली, तर तो चौकटीच्या उंचीचा साधारण पाचवा हिस्सा व्यापतो. 400 मिमीला तो तिसऱ्या हिश्शाच्या आसपास जातो. फरक आहे, पण तो आकाश-पाताळाचा नाही. शिवाय आजच्या वीस-चोवीस मेगापिक्सेलच्या फोटोतून थोडं कापून घेता येतं. कळप, गवत, मागे ज्वारीचं रान, वर मोठं आभाळ असा फोटो हवा असेल तर 250 मिमी पुरते. चंडोल किंवा धाविक यांच्यासारखे मुठीएवढे पक्षी टिपायचे असतील तर मात्र 400 मिमीशिवाय समाधान होत नाही.

स्वस्तातल्या लेन्सचे पर्याय मोजकेच आहेत. निकॉनच्या झेड मालिकेतल्या छोट्या कॅमेऱ्यांसाठी 50-250 मिमी आहे, वजन जेमतेम 405 ग्रॅम. कॅननची आरएफ-एस 55-210 तर 270 ग्रॅमची. सोनीचीही जुनी 55-210 आहे. या लेन्स कॅमेऱ्यासोबत जोडकिटमध्ये आल्या तर सुट्या घेण्यापेक्षा स्वस्त पडतात, म्हणून बॉडी घेतानाच चौकशी करावी. एक पायरी वर कॅननची आरएफ 100-400. वजन 635 ग्रॅम, खांद्याला जड नाही, आणि जवळून फोकस होत असल्याने फुलपाखरांनाही चालते. मात्र 400 मिमीला तिचं अ‍ॅपर्चर एफ 8 होतं, म्हणजे आत उजेड कमी येतो. सकाळी आठनंतर माळावर त्याची अडचण नाही, पण रामलिंगच्या झाडीत संध्याकाळी आयएसओ भराभर वर चढतो आणि फोटोत दाणे दिसू लागतात.

एका गोष्टीकडे दुकानात हमखास दुर्लक्ष होतं: हाताची थरथर सावरणारी यंत्रणा, म्हणजे स्थिरीकरण. ती लेन्समध्ये असते, नाहीतर बॉडीत असते. कॅननचा आर 50 आणि आर 10, निकॉनचा झेड 50, सोनीचा ए 6400 या लोकप्रिय बॉडींमध्ये ती नाही. टॅमरॉनची 70-300 ही चांगली, हलकी लेन्स (सोनीसाठीची 545 ग्रॅमची) सोनी आणि निकॉन दोन्हींसाठी मिळते, पण तिच्यातही ही यंत्रणा नाही. म्हणजे ए 6400 वर टॅमरॉन लावली की सगळा भार आपल्या हातांवर आणि शटरवर. उडत्या पक्ष्याला 1/2000 सेकंद ठेवायचाच असतो, तिथे बिघडत नाही. पण पहाटेच्या मंद उजेडात बांधावर शांत बसलेलं पिंगळ्याचं जोडपं 1/125 वर टिपायचं असेल, तर फोटो हललाच म्हणून समजा. त्यामुळे कमी बजेटच्या बॉडीवर मी नेहमी स्थिरीकरण असलेली लेन्स सुचवतो, मग ती पन्नास मिलिमीटरने आखूड असली तरी हरकत नाही.

सोलापूरला किंवा पुण्याला लेन्स घ्यायला जाल तेव्हा आपली बॉडी आणि कार्ड सोबत न्या. लेन्स शेवटच्या टोकापर्यंत लांबवा आणि रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पाटीवर फोकस करा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून काही फोटो घ्या आणि स्क्रीनवर मोठे करून पाटीच्या कडेची अक्षरं वाचा. स्वस्त झूम बहुधा याच टोकाला मऊ पडते, आणि आपण ती वापरणार याच टोकाला. जुनी घेत असाल तर मागून मोबाइलचा टॉर्च मारून आत बुरशीची जाळी आहे का ते बघा. झूमची नळी पुढे-मागे करताना अडकते का, तेही तपासा. आपल्याकडे धुरळा भारी. पुढे येणारी नळी प्रत्येक वेळी हवा आत ओढते आणि हवेसोबत फुफाटाही. म्हणून मोटारसायकलवर कॅमेरा उघडा लटकवू नका आणि माळावर लेन्स बदलत बसू नका.

एक शत्रू असा आहे की त्याच्यापुढे लाखाची लेन्सही हरते. तो म्हणजे तापलेली जमीन. फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी दहाच्या सुमारास नांगरलेल्या काळ्या रानावरची हवा थरथरायला लागते. त्या हवेतून दोनशे मीटरवरचं काळवीट पाण्याखाली असल्यासारखं वेडंवाकडं दिसतं. फोकस चुकलेला नसतो आणि लेन्सही खराब नसते. अंतर जितकं जास्त तितकी ही थरथर फोटोत जास्त उतरते. उपाय एकच, उजाडण्याआधी पोहोचायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं. ज्याला पहाटे उठणं जमतं, त्याचं 250 मिमीचं काम दुपारी निघणाऱ्याच्या 600 मिमीपेक्षा उजवं ठरतं.

गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यातला सगळ्यात महत्त्वाचा वन्यजीव फोटो कुणी काढला, आठवतंय? डिसेंबर 2024 मध्ये येडशीच्या अभयारण्यात वाघ टिपला गेला. यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला तो वाघ वन विभागाच्या ट्रॅप कॅमेऱ्यात आला. त्या कॅमेऱ्याला ना टेली, ना फोटोग्राफर. तो योग्य वाटेवर, योग्य उंचीवर, न हलता थांबलेला होता. कुठे थांबायचं हे ज्याला कळलं, त्याच्याकडे प्राणी आपल्या पायाने येतो. माळाचंही तसंच. काळवीट पाण्याला कुठून उतरतं, भोवत्या हा शिकारी पक्षी संध्याकाळी कुठल्या गवतात रात्रीला बसतो, हे मेंढपाळांना ठाऊक असतं. त्यांच्याशी आधी बोला. हे ज्ञान फुकट मिळतं आणि कुठल्याही लेन्सपेक्षा जास्त जवळ नेतं.

मला कळकळीने सांगायचं आहे ते यापुढचं. टेली लेन्सचं खरं मोल लांब थांबता येण्यात आहे. रेंज कमी पडते म्हणून कळपामागे मोटारसायकल घालणारे मी पाहिले आहेत. गाभण माद्या आणि लहान पाडसं त्या पळापळीत ऊर फुटेस्तोवर धावतात. काळवीट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला असं पिटाळणं हा गुन्हा आहे. टिटवीच्या अंड्यांवर लेन्स रोखून अर्धा तास बसलात, तर तेवढा वेळ ती उन्हात उघडी पडतात. प्राण्याने मान वर करून आपल्याकडे टक लावली की समजावं, आपण फार पुढे आलो. दोन पावलं मागे घ्यावीत आणि फोटोत प्राणी लहान आला तर येऊ द्यावा.

तसा फोटो कमी दर्जाचा मुळीच नसतो. प्राणी लहान आणि माळ मोठा असला की प्राणी कुठे राहतो हे त्यात दिसतं. आपल्या जिल्ह्याला आज अशाच फोटोंची गरज आहे. गवताळ माळाला आपण सर्रास पडीक म्हणतो. पडीक म्हटलं की तिथे काहीही उभारायला जागा मोकळी वाटते, आणि पवनचक्क्या, खाणी, प्लॉटिंग सगळं माळावरच येतं. विकास नको असं कुणी म्हणत नाही. पण कुठल्या माळावर लांडगा पिल्लं वाढवतो आणि कुठे हिवाळ्यात मध्य आशियातून आलेले भोवत्ये उतरतात, याची नोंद नसेल तर त्यांची बाजू मांडणार कोण आणि कशाच्या आधारावर?

तेव्हा परवडेल ती स्थिरीकरणवाली, हलकी टेली घ्या. कर्ज काढून मोठी घेऊ नका. उरलेल्या पैशांतून एक दुर्बीण घ्या. गावाजवळचा एकच माळ धरा आणि वर्षभर तिथे जात राहा. प्रत्येक फोटोला तारीख आणि शिवाराचं नाव लिहा. पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्ड या संकेतस्थळावर टाका, मात्र घरट्यांची आणि लांडग्याच्या गुहेची जागा कुणालाही सांगू नका. असे वर्षा-दोन वर्षांचे फोटो गावागावांतून जमले, तर "तिथे काय आहे, नुसतं गवत" असं म्हणणाऱ्यापुढे ठेवायला आपल्याकडे पुरावा असेल. आणि तो पुरावा 250 मिमीच्या स्वस्त लेन्सनेही उत्तम तयार होतो.