दहा प्रश्नांचा दुष्काळ

दिवाळीच्या सुटीत आमची मुले 'मुलाखत' नावाचा प्रकल्प करतात. विषय ठरलेला: १९७२ चा दुष्काळ. आम्ही मास्तर मंडळी फळ्यावर दहा प्रश्न लिहून देतो, मुले ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांपुढे धडाधड म्हणतात, आणि सुटी संपली की रंगीत मुखपृष्ठांच्या चाळीस फायली टेबलावर येऊन पडतात. चाळीसही फायलींत उत्तर एकच: 'फार हाल झाले.' याला मुलाखत म्हणायचे, तर शिरगणतीला चरित्र म्हणायला काय हरकत आहे?

दोष मुलांचा नाही, आमचा आहे. 'दुष्काळात आपले हाल झाले का?' असे विचारल्यावर म्हातारीने दुसरे काय सांगावे? प्रश्नातच उत्तर कोंबले की समोरच्याला मान हलवण्यापलीकडे काम उरत नाही.

गेल्या वर्षी एका मुलीला मी मुद्दाम कागदाविना परत धाडले. म्हटले, "शेजारच्या आजींना एवढेच विचार, की त्या दिवसांत सकाळी उठून काय काय करत होतात? आणि मग गप्प बस." पोर दोन तास बसली. आजी खडी फोडण्याच्या कामावर होत्या. हातोडीखाली सापडलेले बोट त्यांनी दाखवले. कामावर मिळणारी सुकडी अर्धी खाऊन अर्धी पदरात बांधून कशी आणत, परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी थापताना कशी तुटे, हे सारे निघाले. मग एका ठिकाणी आजी थांबल्या, म्हणाल्या, "हे लिहू नगंस, बाई." मुलीने ते लिहिले नाही. काय होते, ते मलाही सांगितले नाही. तिचे शेवटचे पान कोरे राहिले, आणि तपासायला आलेल्या साहेबांनी 'अपूर्ण' असा शेरा मारून गुण कापले!

आमचे सहकारी म्हणतात, ठरावीक प्रश्न नसले तर गुण कसे द्यायचे? शिवाय आता मोबाइलवर सगळे उतरते. उतरते खरे, पण पुढचा प्रश्न कोणता, हे मोबाइल कसे सांगणार? तो ऐकणाऱ्यालाच सुचावा लागतो. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, हे पुस्तकात आहे. त्याआधी खडी फोडणाऱ्या बाया ऐंशीच्या घरात आहेत, आणि आम्ही त्यांच्याकडून 'होय-नाही' वदवून घेत आहोत.

यंदा मी फळ्यावर एकही प्रश्न लिहिलेला नाही. हेडमास्तरांनी लेखी खुलासा मागवला आहे.